एक बोट शीग

त्या मुलखात मापंच राहत होती. धान्य पिकत होतं, आठवड्याचा बाजार भरत होता आणि मोजण्याचं काम कधी अडत नव्हतं. सर्वांत धाकटं निळवं, त्याहून मोठं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली, अशी तिथली उतरंड होती. पायलीच्या वर मण आणि मणाच्या वर खंडी. पण या वरच्या दोघांना अंग नव्हतं. ती दोघं नुसत्या बोलण्यात राहत. खंडीचा विषय निघाला की खंडी आली म्हणायचं, विषय संपला की गेली. लहान मापांना हे पटत नसे. खंडीलाही बूड असणार, काठ असणार, फक्त ते आपल्या नजरेत मावत नसणार, अशी त्यांची ठाम समजूत होती. अंग नसलेलं माप ही गोष्ट मापाच्या डोक्यात शिरायची तरी कशी?

तिथले दोन नियम कोणी केलेले नव्हते, तरी सगळे पाळत. पहिला असा, की काठापर्यंतचं बाजाराचं आणि काठावरचं घरचं. बाजाराच्या दिवशी प्रत्येक माप राशीवर जाऊन भरून येई. काठापर्यंतचं धान्य मागणाऱ्याचं. काठाच्या वर जो निमुळता ढीग उभा राही त्याला शीग म्हणत, आणि ती त्या मापाची मजुरी. दिवस संपला की शीग घरच्या फडक्यात उतरवायची आणि बाकीचं देऊन टाकायचं. दुसरा नियम लाकडाचा होता. रिकामं माप फार दिवस तग धरत नसे. पोटात दाणे पडले नाहीत की लाकूड आकसायचं, कमरेचं लोखंडी कडं ढिलं व्हायचं, आणि कडं गळून पडलं की माप संपलं.

पेठेच्या खालच्या अंगाला एक चिपटं राहायचं. तिळाचा धंदा करायचं. अंगाने बसकं, तोंडाने पसरट. पोटात फारसं मावत नसे, पण शीग मात्र दोन बोटं उभी राहायची, आणि त्या दोन बोटांवर त्याचं घर चालायचं. घरात दुसरं कोण, तर एक म्हातारं निळवं. त्याच्या कुशीला वरपासून खालपर्यंत चीर गेली होती. चिरलेल्या मापाला बाजारात कोणी उभं करत नाही, म्हणून ते कित्येक वर्षं घराबाहेर पडलं नव्हतं. चिपट्याला मोजायला शिकवलं ते याच निळव्याने. भरताना अंग झटकू नये, घेणाऱ्यासमोर काठ झाकू नये, हे सगळं त्याचंच. बाजारातून आलं की चिपटं शिगेतला निम्मा वाटा त्याच्या पोटात ओतायचं. तीळ पडले की निळव्याचं कडं घट्ट बसायचं आणि ते बोलायला लागायचं. बोलायचं म्हणजे कुरकुरायचं. पण ती कुरकुर ऐकल्याशिवाय चिपट्याला चैन पडत नसे.

पेठ उतरणीला लागली होती, हे काही खोटं नव्हतं. जमिनीतली धान्याची पेवं निम्मी रिकामी पडली होती आणि त्यांच्या तोंडांवर गवत माजलं होतं. टेकडीपलीकडच्या पेठेत धान्य साठवायची एक मोठी कणगी उभी राहिली होती आणि धान्याच्या गाड्या इकडे न वळता सरळ तिकडे जात होत्या. तरणी मापं एकेक करून टेकडी ओलांडत होती. काळजी सगळ्यांनाच होती. आणि काळजीत असलेल्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला वेळ लागत नाही.

पेठेचा कारभार पायलीकडे होता. उंच, सडसडीत, तोंड अरुंद आणि पोट खोल. कारभारी म्हणून पोटातलं निम्मं धान्य स्वतःकडे ठेवायची तिला मुभा होती. त्यामुळे शिगेवर तिचं काही अडत नसे. तरी तिची शीग कायम टोकदार असायची, कारण ती तिला शोभते असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. एका सकाळी तिने सगळ्यांना पारावर बोलावलं.

“खंडी आपल्याकडं यायला राजी झालीया,” पायली म्हणाली. “मणानं निरोप आणलाय. खंडी एका जागी बसली की धान्य तिच्या मागनं येतं, हे तुमास्नी ठावं हाय. पेवं भरतील. गाड्या वळतील. आज जिथं दोन बोटं शीग हाय तिथं चार व्हतील. पर ती ऱ्हाणार कुठं? तुमच्या-आमच्या खोपटात? तिला कणगी पायजे. टेकडीपल्याडच्यापरीस मोठी.”

“आन् ती बांधायची कशातनं?” शेराने विचारलं. हा शेर जोंधळा मोजायचा, आणि प्रश्न विचारायची त्याला खोडच होती.

“शिगेतल्या एका बोटातनं. एकच बोट. आन् सगळ्यांना सारखं. मला बी आन् त्या चिपट्याला बी. ह्यात कुणावर अन्याव न्हाई.”

सारखं! एक बोट गेल्याने पायलीच्या घरात रात्रीचं काही कमी होणार नव्हतं, आणि चिपट्याची सगळी शीगच दोन बोटांची होती. एकाचं अर्धं जातं, दुसरीचं नुसतं टोक जातं, आणि त्याला सारखं म्हणायचं, याला तोंड तसंच अरुंद लागतं. मण आणि खंडी यांचं किती जाणार, हे तर कोणी विचारलंही नाही. त्यांना काठ नव्हता. काठ नाही तर शीग नाही, आणि शीग नाही तर बोट कशातून काढणार?

चिपट्याला मात्र त्या दिवशी राग आला नाही. खोटं कशाला सांगा, त्याला आनंदच झाला. चार बोटं शीग झाली तर म्हाताऱ्याची चीर बुजवून घेता येईल, त्याला नवं कडं घालता येईल, हे त्याच्या डोक्यात घोळत राहिलं. घरी आल्या आल्या त्याने निळव्याला सगळं सांगितलं.

“खंडी म्हंजे केवढी रं?” निळव्याने विचारलं.

“लई मोठी.”

“तू बघितलीस?”

“न्हाई.”

“पायलीनं बघितली?”

“मणानं निरोप आणलाय म्हणं.”

“आन् मणाला कुणी बघितलाय?” निळवं म्हणालं. “तीळ वत आधी. मग बोलू.”

त्या मुलखात कौल देण्याची एक रीत होती. प्रश्न मांडला की मापांनी रांगेत उभं राहायचं. जे तोंड वर करून उताणं राहील त्याचा होकार आणि जे पालथं होईल त्याचा नकार. पूर्वी कौल बाजाराच्या आदल्या दिवशी होत असे, तेव्हा सगळी मापं रिकामी असत. पालथं होताना काही सांडत नसे. एक गिरकी घेतली की झालं. या वेळी पायलीने कौल बाजाराच्या दिवशी भर दुपारी ठेवला. सगळे एका जागी सापडतात, दोन खेपा पडत नाहीत, ही सोय तिने सांगितली. मापांनी माना डोलावल्या. दुपारी आपण सगळे भरलेले असतो, हे राशीवर जाऊन आल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

चिपटं रांगेत उभं राहिलं तेव्हा ते काठोकाठ भरलेलं होतं. वर दोन बोटं शीग होती. आदल्या आठवड्यात पावसाने बाजार उठला होता, त्यामुळे निळव्याच्या पोटात कितीतरी दिवसांत दाणा नव्हता. रांगेत उभं राहिल्यावर चिपट्याला पहिल्यांदा सगळं स्वच्छ दिसलं. उताणं राहिलं तर उद्यापासून म्हाताऱ्याचा घास निम्मा. पालथं झालं तर आज त्याच्या पोटात काहीच नाही. शेजारी मापटं उभं होतं. थोराड, भलं आणि भित्रं.

“तू काय करणार, दादा?” चिपट्याने हळूच विचारलं.

“माझ्यात गहू हाय लेका,” मापटं म्हणालं. “सांडल्यावर भरून कोण देनार?”

रांगेच्या टोकाला शेर एकटा पालथा झाला. सगळा जोंधळा धुळीत गेला. कोणी हसलं, कोणी नजर चुकवली. चिपटं उताणंच राहिलं. त्याने आजचा घास निवडला, आणि त्याबद्दल त्याला दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. कौल मोजला, होकार भरघोस निघाला, आणि मग जे झालं ते त्या पेठेत याआधी कधी झालं नव्हतं. शेराचा सांडलेला जोंधळा झाडून गोळा केला गेला आणि कणगीसाठी पहिलं दान म्हणून पारावर मांडला गेला. पायलीने शेराचे जाहीर आभारही मानले.

बोट उतरवायला एक फळी नेमली. ही फळी पायलीच्या नात्यातली असल्याचं काही जण कुजबुजत. दोघी एकाच सागाच्या खोडातून निघाल्या होत्या, एवढं खरं. फळीच्या मनात कोणाविषयी वाकडं नव्हतं, कारण तिला मनच नव्हतं. सांगितलं तेवढं काठाच्या वरून ओढायचं आणि पुढच्या मापाकडे जायचं, इतकंच तिला येत होतं. ती चिपट्यावरून फिरली की एका दमात अर्धी शीग जायची. ती पायलीवरून फिरली की पायली डोळे मिटून उभी राही, म्हणजे त्याग करताना कसं दिसायचं ते सगळ्यांना कळावं.

कणगी उभी राहिली. काय तिचा थाट! बांबूच्या कामट्या विणून केलेली, आतून-बाहेरून शेणाने सारवलेली, वर गवताची टोपी. जुन्या पेवाच्या तोंडावरच ती बसवली होती. लांबून येणाऱ्याला आधी ती दिसायची आणि मग पेठ. चिपटंसुद्धा सुरुवातीला येता-जाता मान वर करून तिच्याकडे बघायचं. यात आपलंही एक बोट आहे, असं त्याला वाटायचं.

घरात मात्र एक बोट उरलं होतं आणि खाणारे दोघे होते. चिपट्याने एका बाजाराला ते निळव्याला द्यायचं आणि एका बाजाराला स्वतः घ्यायचं ठरवलं. मग स्वतःच्या पाळीचंही निम्म्याहून अधिक ते निळव्याच्या पोटात ओतू लागलं. त्याचं स्वतःचं कडं चालताना खुळखुळायला लागलं. निळव्याची कुरकुर थांबली, आणि ते गप्प बसलेलं बघून चिपट्याचा जीव तीळतीळ तुटायचा. पूर्वी जे बोलणं न मागता ऐकायला मिळायचं तेच काढण्यासाठी आता ते मुद्दाम चुकीचं काहीतरी सांगायचं. निळवं नुसतं बघायचं.

राहून राहून चिपट्याला एका गोष्टीचं नवल वाटायचं. सगळ्या पेठेचं बोट दर बाजाराला कणगीत पडतं, तर कणगी भरत का नाही? एका संध्याकाळी घरी जाताना ते तिच्या मागच्या बाजूला गेलं आणि तिच्या अंगाला कान लावून उभं राहिलं. आतून दाणे ओघळल्याचा आवाज येत होता. खाली, आणखी खाली. टेकडीच्या बाजूने जुन्या पेवाला एक भगदाड पाडलेलं होतं. तिथे एक गाडी उभी होती आणि पेवातलं धान्य त्या भगदाडातून आपोआप गाडीत उतरत होतं. तीळ, गहू, जोंधळा, सगळी सरमिसळ. गाडीचं तोंड मुलखाबाहेर जाणाऱ्या रस्त्याकडे होतं.

चिपटं तसंच खुळखुळत पायलीच्या दारात गेलं.

“पायलीबाई, कणगीला बूड न्हाई.”

“न्हाईच हाय,” पायली शांतपणे म्हणाली. “खंडीकडं धान्य आगाव धाडावं लागतं. टेकडीपल्याडचे बी धाडत्यात. त्येंच्यापरीस आपलं जास्त गेलं, तरच ती हिकडं वळंल.”

“मग ते बी आपल्यापरीस जास्त धाडतील.”

“म्हणून तर आपल्याला थांबून चालणार न्हाई.”

“आन् ती आल्यावर आमचं आमाला परत मिळंल?”

“आल्यावर धान्य मागनं येतं, सांगितलं न्हवं? तू तिळातलं बघ. हे मोठ्या मापांचं काम हाय.”

चिपट्याच्या अंगाचा तिळपापड झाला. दोन पेठा एकमेकींच्या पोटावर पाय देऊन एकाच दाराशी धान्य ओततात, आणि आतून कोणी बाहेरही येत नाही!  ते परत फिरलं आणि वाटेत भेटेल त्याला सांगत सुटलं, की कणगीला बूड नाही. काहींनी त्याला गप्प बसवलं. काहींनी सांगितलं की मोठ्या कणग्यांना बूड नसतंच, ती नवी पद्धत आहे. फक्त शेराने सगळं ऐकून घेतलं. कौलाच्या दिवसापासून त्याला कोणी बाजारात शेजारी उभं करत नसे.

पुढे एकदाची खंडी येणार असं ठरलं. आंब्याची तोरणं लागली, सडे पडले, आणि सगळ्या मापांना सकाळपासून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं केलं. ऊन चढलं. प्रथम मण आला, म्हणजे त्याच्याविषयी बोलणं सुरू झालं. मग बोलणं वाढलं, आणि पायलीने हात वर करून सांगितलं की खंडी आली. टाळ्यांचा गजर झाला.

“दादा, तू उंच हायस,” चिपटं मापट्याला म्हणालं. “दिसली का?”

मापट्याने टाचा उंचावल्या. “धूळ दिसतीया,” ते म्हणालं. थोडा वेळ बघून म्हणालं, “धूळच हाय.”

खंडी थेट कणगीत जाऊन बसली, प्रवासाने दमली आहे, तिला कोणी त्रास देऊ नये, असं पायलीने जाहीर केलं. मापं घरी गेली. पेवांवरचं गवत तसंच राहिलं. एकही गाडी वळली नाही. दोन बोटांची चार बोटं व्हायची होती ती कोणाचीच झाली नाहीत, आणि तोंडाला पानं पुसली गेली आहेत हे पुसून घेणाऱ्यांना कळायला पुढचे कित्येक बाजार जावे लागले.

मग पारावर पुन्हा बोलावणं आलं. खंडीचं मन रमत नव्हतं. कणगी अर्धी रिकामी आहे, भरल्या घरात राहायची तिला सवय आहे, असा निरोप मणाने आणला होता. आणखी एक बोट लागणार होतं.

आता कुजबूज उठली. पायलीने ती ऐकली आणि आवाज चढवला. “तुमास्नी वाटतंय पायली स्वतःचं राखती. तर ऐका. ह्या खेपेला कुणाला माफी न्हाई. मलाबी न्हाई. बाजारात काठाच्या वर जे दिसंल ते फळीनं वढायचं, आन् कणगी गळ्यापातुर भरंस्तवर फळीनं थांबायचं न्हाई. हे मी माझ्या तोंडानं सांगतीया.” आणि फळीला तिने तसा हुकूम सगळ्यांदेखत दिला. टाळ्या पडल्या. एवढा मोठेपणा दुसऱ्या कुठल्या कारभारणीने दाखवला असता?

चिपट्याने घरी येऊन निळव्याला सांगितलं. उरलेलं बोट जाणार, म्हणजे म्हाताऱ्याचं जाणार, हे काही वेगळं सांगावं लागलं नाही. कितीतरी दिवसांनी निळवं बोललं.

“कवा हाय कौल?”

“बाजारात. दुपारच्याला.”

“मला घिऊन चल.”

“तुला कडं धरवत न्हाई. हालल्यावर सुटंल.”

“हितं बसून बी सुटणार हाय,” निळवं म्हणालं. “ने मला.”

बाजाराच्या दिवशी चिपट्याने निळव्याला अलगद आपल्या पोटात ठेवलं. धाकटं माप थोरल्यात बसतं, त्यात अवघड काही नव्हतं. राशीवर तीळ भरून घेतले तेव्हा ते निळव्याच्या आत, बाहेर आणि वर पसरले, आणि चिपट्याच्या काठावर दोन बोटं शीग उभी राहिली. फळी अजून फिरायची होती. कितीतरी दिवसांनी निळव्याचं पोट भरलं होतं आणि चिपट्याला आतून त्याची ऊब कळत होती. अशा वेळी त्याला रांगेत उभं राहायचं होतं.

पायलीने प्रश्न मांडला. ज्यांची हरकत असेल त्यांनी पालथं व्हावं, ती म्हणाली, आणि सांडलेल्या धान्याला पेठ जबाबदार राहणार नाही. रांगेत कोणी हललं नाही. शेर तेवढा पालथा झाला, पण त्याला हसण्यावारी नेण्याची आता सवय झाली होती.

“काय थांबलास?” पोटातून आवाज आला.

“तू हायस आत.”

“माझ्यापायीच तवा उताणा ऱ्हायलास न्हवं? ठावं हाय मला. समदं ठावं हाय. आता व्हय पालथा.”

“तू मोडशील.”

“भरल्या पोटी मोडतोय की,” निळवं म्हणालं. तेवढ्यातही ते कुरकुरलंच. “घरी बसून रिकाम्यापोटी मोडायला लावशील काय मला?”

चिपट्याने डोळे मिटले आणि ते पालथं झालं. तीळ सळसळत खाली गेले. त्यांच्यामागून निळवं जमिनीवर टेकल्याचा लहानसा आवाज झाला आणि मग लोखंडी कडं निसटून गोल फिरत थांबल्याचा. चिपटं वरून झाकण घालून राहिलं. खालच्या अंधारात तिळाच्या ढिगात म्हाताऱ्याच्या कुशीच्या फळ्या सुट्या होऊन पडल्या होत्या. चिपट्याला रडू फुटलं, आणि ते रडणं पालथ्या मापातून घुमून बाहेर आलं, तेव्हा सगळ्या बाजाराने ते ऐकलं.

आधी मापटं हललं. भित्रं खरं, पण ते चिपट्याच्या शेजारी उभं होतं आणि त्याला सगळं ऐकू आलं होतं. आपल्या गव्हाकडे त्याने एकदा बघितलं आणि ते पालथं झालं. मग त्याच्या पलीकडचं. मग समोरच्या रांगेतली तीन-चार. धान्य पडण्याचा आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत गेला आणि शेवटी थांबला. बाजारभर नुसती बुडं दिसत होती. लाकडाची, काळी पडलेली, कोणी कधी न पाहिलेली. सांडलेलं सगळं धान्य ज्याच्या त्याच्या पोटाखाली झाकलेलं होतं.

 पायलीने कौल मोजला. मण आणि खंडी पालथी झालेली नाहीत, सबब ती उताणी आहेत, ती म्हणाली. खंडीत जितकी चिपटी मावतात तितके तिचे होकार धरायचे, हाच खरा न्याय. त्या हिशेबाने ठराव प्रचंड बहुमताने मंजूर झाला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण वाजवायला कोणी उताणं नव्हतं. पायलीने तरीही मान लववून आभार मानले आणि फळीला दिलेल्या हुकमाप्रमाणे कामाला लागायला सांगितलं.

फळी निघाली. ती शेरावरून गेली, मापट्यावरून गेली, चिपट्यावरून गेली. बुडांवरून सरसर आवाज येत राहिला आणि तिच्यापुढे एक दाणाही जमा झाला नाही. एक रांग संपली, दुसरी संपली. पलीकडे कणगी आ वासून उभी होती आणि तिच्याखालच्या पेवातून टेकडीकडचा उजेड वर दिसत होता. रांगांच्या शेवटी फळी वळली आणि पारासमोर आली. तिथे पायली उभी होती. काठाच्या वर तिची शीग नेहमीसारखी टोकदार होती, आणि बाजारात तेवढी एकच उरली होती.